दमाचे दाणे

एकोणीसशे सत्तरच्या आगेमागे वेल्ह्याच्या प्राथमिक शाळेत माझी पहिली नेमणूक झाली. मी भोरची. वडील शिंपीकाम करायचे आणि मुलगी भोरातच कुठल्यातरी शाळेत लागेल अशी त्यांची समजूत होती. वेल्ह्याला जायचं म्हणजे नसरापूरला एसटी बदलायची, आणि पावसाळ्यात ती पुढची एसटी वेल्ह्याला पोचेल की वाटेतल्या ओढ्यापाशी उभी राहील हे कंडक्टरलाही सांगता यायचं नाही. आई म्हणाली, "शाळा सुटल्यावर तू एकटी तिथं करणार काय?" मी म्हटलं, "काहीतरी करीन की." वडिलांनी माझ्यासाठी दोन पोलकी शिवून ट्रंकेवर ठेवली. 

वेल्ह्यात विहाराच्या मागे एका विधवा बाईंच्या घरात मला खोली मिळाली. त्यांची नदीकाठी भाताची दोन खाचरं होती आणि त्या खाचरांवर त्यांच्या दिराचा डोळा होता. दर पावसाळ्यात तो बांधावर येऊन उभा राहायचा आणि दर पावसाळ्यात बाई त्याला बांधावरूनच परत पाठवायच्या. मला त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "दार आतनं लावत जा. आनि कुनी काय म्हनलं तर मला सांगू नगंस, त्याचं त्यालाच सांग." माझ्या नोकरीतला तो पहिला उपदेश. पुढे ट्रेनिंग कॉलेजातल्या शिकवणीपेक्षा तोच जास्त उपयोगी पडला.

आईचा प्रश्न खरा होता हे मला जुलैत कळलं. पाऊस एकदा धरला की तोरणा दिसेनासा व्हायचा. लावणी सुरू झाली की वर्गात पोरं उरायची नाहीत. शाळा सुटल्यावर गावातल्या नोकरदार पुरुषांना जायला एक जागा होती, सरकारी दवाखान्याचा व्हरांडा. डॉक्टर पावसाळ्यात क्वचित यायचे. दवाखाना कंपाउंडरच्या हाती असायचा आणि संध्याकाळी त्यांच्या व्हरांड्यात हॉकी चालायची.

खरी हॉकी नव्हे. कंपाउंडर तरुणपणी खडकीला लष्कराच्या इस्पितळात कामाला होते आणि तिथल्या मैदानावर हॉकी खेळलेले होते. वेल्ह्यात सपाट मैदान नाही, स्टिका नाहीत आणि चार महिने उघडीप नाही. म्हणून त्यांनी सगळी हॉकी फरशीवर आणली होती. खडूनं मैदान आखलेलं, त्याचे आडवे पट्टे पाडलेले. चेंडू म्हणून कुनैनची जुनी गोळी. आणि प्रत्येक खेळाडू म्हणजे एक रिकामी काडेपेटी.

त्या काडेपेटीत बारा दाणे घालायचे. कोणते घालायचे ते ज्याचं त्यानं ठरवायचं, आणि सगळी गंमत त्या ठरवण्यात होती. चवळी म्हणजे धाव. हरभरा म्हणजे हात, समोरच्याचा चेंडू काढून घेण्याचा. वाल म्हणजे फटका, गोल मारण्याचा. आणि चिंचोका म्हणजे दम. खेळताना डोळे मिटून आपल्या खेळाडूच्या पेटीतून एक दाणा काढायचा. चेंडू पुढच्या पट्ट्यात न्यायला चवळी लागे, गोल मारायला वाल, अडवायला हरभरा. दुसरंच काही निघालं तर संधी गेली. दाणा परत पेटीत टाकून पेटी हलवायची.

चिंचोक्याचा नियम वेगळा होता. पहिल्या हाफमध्ये चिंचोका निघाला तर तो फुकट. पण दुसऱ्या हाफमध्ये तो जे हवं ते व्हायचा, चवळी हवी तर चवळी, वाल हवा तर वाल. कंपाउंडर म्हणायचे, "खडकीला मी तेच पाहिलं. पहिला हाफ कुणीही खेळतं. पुढं ज्याच्या छातीत वारा शिल्लक असतो त्याचंच सगळं चालतं."

चार जण खेळायचे. कंपाउंडर, आमच्या शाळेचे हेडमास्तर, पोस्टमास्तर आणि ग्रामसेवक. प्रत्येकाचा अकरा पेट्यांचा संघ, आणि पावसाळाभर साखळी सामने. ग्रामसेवक त्यांत सगळ्यांत तरुण आणि सगळ्यांत हुशार. त्यांच्याकडे रेडिओ होता. हॉकीची कॉमेंट्री ऐकून मोठमोठ्या खेळाडूंची नावं त्यांनी आपल्या पेट्यांवर लिहिली होती. पुढच्या पाचही पेट्यांत वाल आणि चवळी ठासून भरलेली. चिंचोका औषधालासुद्धा नाही. मागच्या पावसाळ्यात तेच जिंकले होते.

मी दोनतीन संध्याकाळी दारात उभी राहून खेळ पाहिला. चौथ्या दिवशी हेडमास्तर म्हणाले, "बाई, उभ्या का? बसा. तुमचं अक्षर चांगलं आहे, गोल लिहायचं काम तुम्ही घ्या."

मी म्हटलं, "गोल लिहीन. पण मला संघ पाहिजे."

  मग ग्रामसेवक हसून म्हणाले, "हॉकी कधी पाहिली आहे का?"

"तुम्ही पाहिली आहे?"

ते रेडिओ ऐकत होते, पाहिली नव्हती. पाहिलेली फक्त कंपाउंडरनी. ते खाली बघून पेटी हलवत राहिले आणि म्हणाले, "पाच संघ झाले तर साखळी चांगली होईल. पेट्या हॉटेलात मिळतील, बाई. चहावाल्याला माझं नाव सांगा."

अकरा काडेपेट्या जमवायला आठवडा गेला. दाणे घरमालकीणबाईंनी दिले. एका सुट्टीच्या दुपारी मी खोलीत परात घेऊन बसले. परातीत चार ढीग, समोर अकरा पेट्या, आणि मला पुढे काही सुचेना. हॉकीतल्या एकाही खेळाडूबद्दल मला काही माहीत नव्हतं. कुणाला किती धाव द्यायची हे मी कशावरून ठरवणार? ग्रामसेवकांसारखी रेडिओवरची नावं लिहिली असती तर ते उसनं झालं असतं. मी स्वतःला विचारलं, जोरात धावणारं माणूस तू कोणतं पाहिलं आहेस?

आणि मला मोळीवाली आठवली. तोरण्याच्या उतारावरून ती जळणाची मोळी डोक्यावर घेऊन यायची. वेल्ह्यात आल्यावर पहिल्याच रविवारी मी तो डोंगर चढायला गेले होते आणि उतरताना, दगडांवर पाय जपून टाकत असताना, ती मागून आली, "सरा बाई," म्हणाली आणि एवढ्या ओझ्यासकट मला मागे टाकून खाली निघून गेली. मी तिच्या पेटीत चवळी भरली. सेंटर फॉरवर्ड.

मग बाकीचं सोपं झालं. सगळी माणसं आसपासच होती. बाजाराच्या दिवशी मासळी विकणारी बाई, चार गिऱ्हाइकांशी एकदम बोलणारी आणि कुणाचा हात टोपलीत गेला की पकडणारी, तिला हरभरे. गावातली म्हातारी सुईण, तिचे हात साऱ्या पंचक्रोशीत नावाजलेले, म्हणून तिलाही हरभरे, आणि ती गोलकीपर. घरमालकीणबाई फुलबॅक. असे करत अकरा झाले. सगळ्या वेल्ह्याच्या नाहीतर जवळच्या वाड्यांवरच्या. पेट्यांवर नावं लिहिली आणि मी त्या पदरात घेऊन व्हरांड्यात गेले.

ग्रामसेवकांनी एकेक पेटी उचलून नाव मोठ्यानं वाचलं. तिसऱ्या पेटीवर ते थांबले. "बाई, ह्या तर बायका आहेत."

"हो."

"मोळी विकणारी बाई सेंटर फॉरवर्ड? आणि आठ चवळ्या? एवढी धाव माझ्या लेफ्ट विंगरला नाही."

"नियम दाण्यांचा आहे. बारा दाणे, हवे तसे. पुरुषच हवेत असा नियम असेल तर दाखवा."

"नियम नाही, पण काही खरं वाटायला नको का? हे खेळाडू कधी मैदानात उतरलेत?"

मी म्हटलं, "तुमचे खेळाडू तरी कधी वेल्ह्यात आलेत?"

कंपाउंडर खळखळून हसले आणि तो विषय तिथं मिटला. पण पहिला सामना मी हरले. वाईट हरले. ग्रामसेवकांनी चार गोल चढवले आणि माझा एकही झाला नाही. माझ्या सुईणीच्या पेटीतून हव्या त्या वेळी हरभरा निघतच नव्हता.

गाव लहान. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर ही बातमी गेली की मास्तरीणबाईंनी गावातल्या बायकांची टीम केली आणि ती हरली. दुपारच्या सुट्टीत सुईण शाळेच्या पायरीवर येऊन बसली. सत्तरीची होती, पण ताठ बसायची.

"बाय, मला कुटं हुबं केलंस तू?"

मी सांगितलं, गोलात. येणारा चेंडू अडवायचा.

"अगं, मी अडवते व्हय? समदा जनम मी भाईर काडायचं काम केलं. मला अडवायला कशापायी बशिवलं?"

मला हसू आलं, पण ती हसत नव्हती. गोलात उभं केल्याचा तिला खरंच राग आला होता. तिला पुढं जायचं होतं. मी विचारलं, मग अडवायला कोण? संध्याकाळी घरी हीच गोष्ट काढली तर चुलीसमोरून घरमालकीणबाई म्हणाल्या, "मी घेते ती जागा. मला सवय हाय. हरभरं वाढीव आनि ती चवळी काड समदी. मला कुटं जायाचं न्हाई. मी हितंच ऱ्हानार."

सुईण त्यांच्या जागी, फुलबॅकला आली. तेव्हापासून पेट्या भरण्याचं काम माझ्या एकटीचं राहिलं नाही. मासळीवाली बाजाराच्या दिवशी विचारायची, किती चवळी, किती हरभरा. कुणी म्हणायची एवढा दम कशाला, मला दुपारी झोप लागती. कुणी म्हणायची वाल दे, लई सोसलंय, एकदा मारू दे. मी प्रत्येकीला विचारून दाणे बदलले. ज्या वस्तीत माझ्या आईला पाणी मागायला लाज वाटली असती, त्या वस्तीतल्या बायाही मला रस्त्यात थांबवून आपल्या पेटीचं विचारायच्या. तोवर मी वेल्ह्यात कुणाशी एवढं बोलले नव्हते.

मोळीवाली मात्र आली नाही. तिच्याऐवजी तिचा नवरा आला, आणि तो थेट व्हरांड्यात आला. आमचा पोस्टमास्तरांशी सामना चालू होता. तो खाली अंगणात पावसात उभा राहिला, डोक्यावर इरलं, हातात कोयता. कोयता कामाचा होता, पण दिसायला कोयताच.

"माज्या बायकूला काडेपेटीत घातलंय म्हनं कुनी."

हेडमास्तर उठून उभे राहिले. ग्रामसेवक छताकडे बघत होते. त्याला कुणी सांगितलं असेल ते मला तेव्हाच कळलं. मी म्हटलं, "मी घातलंय."

"काडून द्या. आमच्या घरच्या बाईचं नाव असं चारचौगांत नको. पेटी माज्याकडं द्या."

हेडमास्तर हळूच म्हणाले, "बाई, देऊन टाका. खेळच आहे."

 मी पेटी मुठीत घट्ट धरली. मी म्हटलं, "दादा, पेटीवर तुमचं नाव असतं तर तुम्हाला दिली असती. तिचं आहे. ती येऊन म्हणाली तर तिच्या हातात देईन. दुसऱ्या कुणाला देणार नाही."

त्यानं डोक्यावरचं इरलं सारखं केलं. मग म्हणाला, "धाडतो तिला." आणि गेला. पोस्टमास्तरांनी सामना पुढे चालू केला नाही. त्या दिवशी सगळे लवकर घरी गेले. जाताना हेडमास्तर म्हणाले, "तुमची नोकरी नवी आहे, बाई. कायम व्हायची आहे अजून. हे लक्षात ठेवा." मी म्हटलं, "लक्षात आहे सर." मी घाबरले होते. रात्री जेवण गेलं नाही. पण पेटी देऊन टाकावी असं एकदाही वाटलं नाही.

ती दुसऱ्या दिवशी सकाळी आली. शाळा भरायची होती. मोळी तिनं कुंपणाला टेकवली, पदरानं तोंड पुसलं आणि हात पुढे केला. मी पेटी दिली. तिनं ती उघडली, दाणे तळहातावर ओतले आणि बोटानं इकडेतिकडे केले.

"ह्ये काय?"

"चवळी. म्हणजे धाव. तुम्ही त्या दिवशी उतारावर मला मागं टाकून गेलात ना, म्हणून."

"उतारावर कोनबी पळंल. वझंच ढकलतंय खाली." तिनं चवळीचे दाणे एकेक करून वेगळे काढले. "वर जाताना कुटं बगितलंसा मला? दम कंचा ह्यात?"

मी सांगितलं की चिंचोका दमाचा, पण त्याचं असं आहे की पहिल्या हाफमध्ये तो काही कामाचा नसतो. तेवढा वेळ तुमची पेटी रिकामीच समजायची. लोक हसतील.

"हसूंद्यात. समदं चिंचोकंच घाला."

"सगळे? बाराच्या बारा?"

"व्हय. मला पयला हाफ कंदी गावलाच न्हाई." मग तिनं पेटी परत माझ्या हातात दिली. "आनि आमच्या मालकानं इच्यारलं तर सांगा, मीच बसलीया ह्यात. कुनी घातली न्हाई."

ती मोळी उचलून निघाली.  घंटा झाली आणि मी पेटी पदरात बांधून वर्गावर गेले.

चिंचोके कमी पडले म्हणून घरमालकीणबाईंनी शेजारून आणले. मी मोळीवालीची पेटी बारा चिंचोक्यांनी भरली. मग तिचं बघून आणखी तिघींनी तसंच मागितलं. आता माझा संघ असा झाला की पहिल्या हाफमध्ये आम्ही नुसत्या उभ्या. समोरचे गोल करायचे, ग्रामसेवक चहा मागवायचे. आणि दुसरा हाफ सुरू झाला की त्या चौघींपैकी कुणाचीही पेटी उघडा, हवं ते निघायचं. हेडमास्तरांच्या संघाला आम्ही असंच हरवलं. पोस्टमास्तरांना हरवलं. कंपाउंडर स्वतः हरले तेव्हा त्यांनी पेटीतला चिंचोका हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, "हा नियम मीच केला. पण असा कुणी खेळेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं."

ग्रामसेवकांनी मग ठराव आणला. खरोखर ठराव, सूचक-अनुमोदकासकट, ग्रामपंचायतीत करतात तसा. एका खेळाडूच्या पेटीत दोनापेक्षा जास्त चिंचोके नसावेत. म्हणाले, "दमाला काही मर्यादा पाहिजे. नाहीतर खेळ राहणार नाही. माणसाच्या अंगी असं असतच नाही, नुसता दम आणि दुसरं काही नाही."

मी म्हटलं, "तुमच्या सेंटर फॉरवर्डच्या पेटीत किती वाल आहेत?"

"त्याचा इथं काय संबंध?"

"नऊ आहेत. नुसता फटका आणि दुसरं काही नाही, असा माणूस असतो वाटतं? मर्यादा घालायची तर चारी दाण्यांना घाला. कशाचेच तीनांपेक्षा जास्त दाणे नकोत. मी हात वर करते."

त्यांना वाटलं मी हटून बसून नाही म्हणेन. मी हो म्हटल्यावर त्यांची पंचाईत झाली. कंपाउंडरनी अनुमोदन दिलं, पोस्टमास्तरांनी हात वर केला, आणि हेडमास्तरांनी सगळ्यांचे हात वर बघून आपलाही केला.

आता बारा दाण्यांत चार प्रकार, प्रत्येकाचे तीनच. म्हणजे सगळ्यांच्या सगळ्या पेट्या एकसारख्या. त्या संध्याकाळी आम्ही सगळे पेट्या नव्यानं भरत बसलो. मी माझ्या पेट्या भरल्या आणि वरची नावं पुसून टाकली. ग्रामसेवकांनी विचारलं, नावं का पुसता? मी म्हटलं, "कुणाचीही पेटी आता कुणाचीही आहे. नावाला काय अर्थ?"

तसे दोन सामने झाले. दोन्ही बरोबरीत सुटले. खेळताना कुणी बोलेना. कोणता खेळाडू पुढे आणायचा यावर पूर्वी भांडणं व्हायची, आता कुणालाही आणा, सारखंच. ग्रामसेवकांचे रेडिओवरचे मोठे खेळाडू आमच्या मासळीवालीइतकेच झाले आणि ते त्यांना सहन होईना. तिसऱ्या सामन्याच्या मध्यावर त्यांनीच हातातली पेटी खाली ठेवली.

"ह्यात काही राम नाही. ठराव मागं घेऊ."

"तुम्ही आणला होता, तुम्हीच घ्या," मी म्हटलं. त्यांनी घेतला. मी पुसलेली नावं पुन्हा लिहिली, ठळक.

शेवटचा सामना ग्रामसेवकांशी होता आणि तो श्रावणातल्या एका दुपारी झाला. लावणी उरकलेली होती. मी कुणाला बोलावलं नव्हतं, पण एकेक करत त्या आल्या. व्हरांड्याच्या कडेला, पागोळ्यांखाली, इरली घेऊन उभ्या राहिल्या. सुईणीला कंपाउंडरनी आतलं स्टूल आणून दिलं. व्हरांड्याला बायका अशा खेटून उभ्या राहिल्याचं ते पहिलंच वर्ष. एरवी त्या तिथं आजारी पोर घेऊन यायच्या आणि खाली अंगणातच थांबायच्या. मोळीवालीचा नवराही आला होता. तो लांब, चिंचेखाली उभा होता.

पहिला हाफ जसा जायचा तसाच गेला. ग्रामसेवकांचा पहिला गोल झाला, दुसरा झाला. घरमालकीणबाई त्यांच्या पेटीतून मी दाणा काढायची तेव्हा खाली वाकून बघायच्या. दोनदा हरभरा निघाला आणि दोन गोल वाचले. तरी हाफ संपेपर्यंत चार झाले होते. ग्रामसेवक म्हणाले, "बाई, आता तुमचा दम काढा बाहेर."

दम निघाला. सुईणीनं चेंडू पुढे आणला, मासळीवालीनं त्यांच्या हाफबॅककडून काढून घेतला, आणि मोळीवालीची पेटी मी उघडली की बायका वाकून बघायच्याच नाहीत, कारण बघायचं काही नव्हतं, चिंचोकाच निघणार होता. एक गोल. दुसरा. तिसरा. कुनैनची गोळी ओल्या हवेत ठिसूळ झाली होती; तिसऱ्या गोलाला ती फुटली आणि कंपाउंडरना आत जाऊन नवी आणावी लागली. आमच्या शेवटच्या चालीला मोळीवाली त्यांच्या गोलासमोर होती. फटका गेला. ग्रामसेवकांच्या गोलकीपरच्या पेटीत तीनच हरभरे होते. त्यांनी डोळे मिटले, दाणा काढला, मूठ उघडली. हरभरा.

आम्ही एका गोलानं हरलो.

मी पेट्या गोळा करू लागले.  ग्रामसेवक वाईट बोलले नाहीत, पण आपलं म्हणणं सोडवेना त्यांना. म्हणाले, "पहिल्या हाफलाही माणूस लागतो, बाई. निम्मे चिंचोके काढले असते तर जिंकला असतात."

मी उत्तर देणार तेवढ्यात मोळीवाली पुढे आली. व्हरांड्याची पायरी ती त्या दिवशी पहिल्यांदा चढली. "मी एकबी काडनार न्हाई," ती म्हणाली. "पुढल्या सालीबी ह्येच." मग तिनं मागं वळून बाकीच्यांकडे पाहिलं. "तुमी कुनी बदलनार हायसा का?"

कुणी बदलणार नव्हतं. सुईण म्हणाली, मला आणखी पुढं उभं कर. बास, एवढंच. चिंचेखालून मोळीवालीच्या नवऱ्यानं विचारलं, "किती गोल तुजं?" ती म्हणाली, "दोन." घरी जाताना मोळीखाली डोक्यावर ठेवायची तिची चुंबळ त्यानं हातात घेतली होती, हे मी पाहिलं.

पुढच्या पावसाळ्यात आम्ही जिंकलो. त्याच अकरा पेट्या, तेच दाणे, फक्त सुईण सेंटर हाफला. ग्रामसेवकांनी पुढच्या पेट्यांत चिंचोके घातले होते, आणि आपण ते का घातले याची कारणं ते सगळ्यांना सांगत होते. मी ऐकून घेतली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात माझी बदली भोंगवलीला झाली. हेडमास्तरांनी माझ्याबद्दल वर काय कळवलं होतं मला ठाऊक नाही. बदलीचं कारण कुणी सांगितलं नाही आणि मी विचारायला गेले नाही. नोकरी कायम झाली होती. भोंगवलीला पाऊस कमी, आणि शाळेपुढे सपाट पटांगण. गेल्या गेल्या मी गावच्या सुताराकडे गेले आणि बाभळीच्या काठ्या मागितल्या, खाली वाकवलेल्या. तो म्हणाला, "पोरांना व्हय?" मी म्हटलं, "पोरींना."

पंधरा दिवसांनी एका पोरीचे आजोबा शाळेत आले. गावात त्यांना मान होता, मी उठून खुर्ची दिली. ते बसले नाहीत. म्हणाले, "बाई, पोरी मैदानात काठ्या घेऊन पळत्यात, हे बरं दिसतं का?"

"दिसतं, आबा. उद्या चार वाजता बघायला या."

ते आले नाहीत. पण नातीला घरी ठेवलीही नाही त्यांनी. ती चार वाजता आली, काठी उचलली आणि मला म्हणाली, "बाई, मी मागं थांबनार न्हाई. मला पुढं खेळायचंय." मी तिला पुढे पाठवलं.